गुर्लहोसूरचे अण्णासाहेब

बेळगावात मराठी-कानडीचा विषय निघाला की आवाज चढतात. अशा वेळी मला हटकून अण्णासाहेब किर्लोस्कर आठवतात. बळवंत पांडुरंग किर्लोस्कर, जन्म ३१ मार्च १८४३, गाव गुर्लहोसूर, आपल्याच जिल्ह्यातलं, सौंदत्तीकडचं. (नांगरवाले लक्ष्मणराव किर्लोस्करही तिथलेच.) त्याच १८४३ साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, हाही एक योगच.

भाव्यांच्या खेळात गाणं सूत्रधाराकडे. पात्रं बोलायची, तेही आयत्या वेळी सुचेल तसं. अण्णासाहेब बेळगावात मास्तर होते, नाटकाचा नाद तेव्हापासूनचाच. पुढे पुण्यात रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरी लागली. तिथे त्यांनी पारशी कंपनीचा 'इंद्रसभा'चा खेळ पाहिला आणि मनात आलं, असं मराठीत का होऊ नये? कचेरी सांभाळून त्यांनी कालिदासाचं 'शाकुंतल' मराठीत आणलं, पदं रचली. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव थिएटरात पहिले चार अंक झाले. सूत्रधार स्वतः अण्णासाहेब. आता दुष्यंत स्वतः गात होता, कण्व स्वतः गात होते. आज आपल्याला त्यात नवल वाटत नाही, पण तेव्हा लोकांनी हे नव्यानं पाहिलं.

मला खरी गोडी आहे ती चालींची. साकी, दिंडी, ओवी, लावणी, कीर्तनातलं सगळं त्यांनी घेतलंच, पण लहानपणापासून कानावर पडलेल्या कानडी चालीही बिनदिक्कत घेतल्या. १८८२ च्या 'सौभद्रा'त तर त्या इतक्या मुरल्या आहेत, की कुठलं पद कुठून आलं हे सांगितल्याशिवाय कळणार नाही. आमच्याकडे 'सौभद्र' म्हणजे अस्सल मराठी म्हणून भांडणाऱ्यांना मी हे सांगतो, आणि अण्णासाहेब तुमचे नव्हेत म्हणणाऱ्या कानडी मित्रांनाही. दोघंही थोडे गप्प होतात.

बडोदेकरांनीही थोडी कॉलर ताठ करावी. शकुंतला आणि सुभद्रा गाजवणारे भाऊराव कोल्हटकर त्यांचेच. 'शारदा'कार देवल हे अण्णासाहेबांचे बेळगावचे विद्यार्थी.

पहिल्या प्रयोगापासून त्यांना मिळाली जेमतेम पाच वर्षं. 'रामराज्यवियोग' अर्धंच लिहून झालं होतं. २ नोव्हेंबर १८८५ ला, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, ते गेले. कंपनी मात्र त्यांच्यामागे कितीतरी वर्षं चालली, पुढे बालगंधर्वही तिथेच आले.