पिकाला सुतक नसतं

आमच्या आज्जीला सन-तारखा ठाऊक नव्हत्या. तिची वर्षं येळवसांवर मोजली जायची. रजाकाराची येळवस, मिलोची येळवस, भूकंपाची येळवस. धाकटे काका कधी जन्मले असं विचारलं की ती म्हणायची, "ज्या येळवशीला आपल्या कोपीवर गारा पडल्या, तिच्या मागल्या महिन्यात." शाळेत नाव घालताना मास्तरांनी त्यावरूनच काकांची एक जन्मतारीख ठरवून टाकली.

धाराशिव-लातूरच्या माणसाला वेळ अमावस्या, म्हणजेच येळवस, सांगावी लागत नाही. बाहेरच्यांसाठी एवढंच सांगतो की मार्गशीर्ष अमावस्येला, ज्वारी पोटऱ्यात आणि हरभरा घाट्यावर असतो तेव्हा, इथली गावं ओस पडतात आणि रानं भरतात. शेतात कडब्याची कोप उभी करायची, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडायचे. ते पांडव. आदल्या रात्री बायका झोपत नाहीत. वाटाणा, तुरीचे ओले दाणे, घाटे, वालाच्या शेंगा, असेल ती पालेभाजी, सगळं चिंचेच्या कोळात आणि बेसनात शिजून भज्जी होते. बाजरीचे उंडे वळले जातात, गव्हाची खीर आटते. ज्वारीच्या पिठाची आंबील ताकात घुसळून बिंदग्यात भरतात आणि घरातला कोणी घोंगडी पांघरून ते बिंदगं डोक्यावरून रानात नेतो. पूजा झाली की उभ्या पिकावर आंबील शिंपडत शेताला फेरी. मग बांधावरून जो जाईल त्याला हाक मारायची, "कुठं चाललाव? बसा की दोन घास."

ही हाक हाच आज्जीचा धर्म होता, असं मला आता वाटतं. ती देवभोळी होती, पण तिच्या भोळेपणात घाबरणं नव्हतं. तुळजापूरची भवानी तिला घरातल्या थोरल्या जावेसारखी होती. नवरात्राआधी देवी घोर निद्रेला जाते, दसऱ्याला सीमोल्लंघन करून पुन्हा पौर्णिमेपर्यंत श्रम निद्रा घेते, पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी मोह निद्रा. तिथली मूर्ती चल आहे. ती सिंहासनावरून हलवून पलंगावर निजवतात, आणि दसऱ्याचा पलंग, पालखी दरवर्षी नगरकडून येते. लहानपणी मी विचारलं होतं, देवाला कशाला झोप लागते? आज्जी भाकरी थापता थापता म्हणाली, "नऊ दिवस लढून आली ती. तिला बी थकवा येतो की." थकणारा देव आम्हाला तिने दिला. त्यामुळे माणसाचं थकणं, रडणं, चिडणं तिला कधी पाप वाटलं नाही.

रजाकाराच्या येळवशीची गोष्ट तिने दोन वेळा सांगितली, आणि दोन्ही वेळा वेगळी. पहिली आम्ही लहान असताना. ती नुकतीच लग्न होऊन लोहारा भागातल्या आमच्या गावात आली होती. निजामाचं राज्य आणि त्याच्या पाठीराख्या रजाकारांचा धाक. घरोघरची माणसं रातोरात सरहद्द ओलांडून बार्शी-सोलापूरकडे निघून गेलेली. दागिने चुलीखाली पुरलेले, ज्वारीच्या पेवांवर माती लोटून वरून गुरं बांधलेली. मग १३ सप्टेंबर १९४८ला सोलापूरच्या रस्त्याने भारताची फौज आली, नळदुर्गचा किल्ला आणि बोरी नदीवरचा पूल तिने पहिल्याच दिवशी घेतला, आणि १७ तारखेला निजाम शरण गेला. त्या वर्षीच्या येळवशीला सगळे परतले होते. पेवं उघडली. आजोबांनी, म्हणजे आमच्या आबांनी, बिंदगं डोक्यावर घेतलं तेव्हा आज्जीच्या सासूने त्यांच्यावरून भाकर ओवाळून टाकली. ही गोष्ट आम्ही पोरं वारंवार मागायचो. त्यात भीती होती, फौज होती आणि शेवटी गोड खीर होती.

दुसरी तिने मला मी कमावता झाल्यावर सांगितली. फौज आल्यानंतरच्या दिवसांची. रजाकार पळाले होते. मागे राहिले होते ते तुमच्या-आमच्यासारखे मुसलमान शेतकरी, विणकर, तांबोळी, ज्यांनी कुणाचं वाईट केलं नव्हतं. सूड त्यांच्यावर उगवला. आमच्या शेजारच्या मळ्यातला एक कर्ता माणूस घरातून नेला गेला आणि परत आला नाही. पुढे वाचनात आलं की पंडित सुंदरलाल यांच्या शिष्टमंडळाने केंद्र सरकारला जो अहवाल दिला त्यात सर्वाधिक झळ बसलेले चार जिल्हे नोंदवले होते : उस्मानाबाद (आताचं धाराशिव), गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. तो अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला गेला. आज्जीने तो वाचणं शक्य नव्हतं. तिला त्या शेजारच्या मळ्यातली एक बाई माहीत होती, जिचं कुंकवासारखंच मोलाचं काहीतरी गेलं होतं, आणि जी त्या येळवशीला आमच्या बांधावर आली नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. भज्जीची वाटी न् आंबिलीचा तांब्या घेऊन मीच गेलाव. नवी नवरी मी, पदर डोक्यावर, सासूला विचारलं नव्हतं. ती दारात उभी. घे म्हणलं. घेईना. मी बी हलंना. ऊन उतरलं तवा घेतलं तिनं."

सासू काय म्हणाली हे आज्जीने सांगितलं नाही. पण पुढच्या वर्षीपासून आमच्याकडे भज्जीची एक वाटी आधी बाजूला काढली जायची, पांडवांना नैवेद्य दाखवायच्याही आधी. हे मी स्वतः पाहिलेलं आहे. ती वाटी कुणाची, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. स्वातंत्र्याचा दिवस म्हणून १७ सप्टेंबर आम्ही अभिमानाने साजरा करतो, करायलाच हवा. पण आज्जीच्या या दोन गोष्टी एकत्र सांगितल्याशिवाय त्या वर्षाची गोष्ट पुरी होत नाही.

मिलोच्या येळवशीबद्दल ती फार बोलायची नाही. १९७२चा दुष्काळ. पेरलेलं उगवलं नाही, आबा आणि ती तलावाच्या कामावर खडी फोडायला जात, लेकरांना सुकडी मिळे आणि रेशनवर परदेशी तांबडी मिलो. रान उघडं, आंबील शिंपायला एक ताट उभं नव्हतं. तिने मिलोच्या पिठाची आंबील केली आणि ढेकळांवर शिंपडली.

भूकंपाची येळवस मात्र माझी स्वतःची आहे.

३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून गाव थकून निजलं होतं. पहाटे चारला काही मिनिटं असताना जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. आमच्याकडची घरं म्हणजे मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती आणि त्यांवर माळवद, लाकडावर पांढऱ्या मातीचा हातभर थर. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच ओझं निजलेल्या माणसांवर आलं. आबा आतल्या खोलीत होते.

त्यानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. पेरणी पाहुण्यांनी बैल आणून सावडीने केली, तीही उशिरा. जानेवारीत येळवस आली तेव्हा घरात सगळ्यांचं एकच म्हणणं होतं : यंदा नाही, वर्षसुतक आहे, बिंदगं उचलणारा माणूसच राहिला नाही. आज्जी बराच वेळ ऐकत बसली. मग म्हणाली, "सुतक आपल्याला. पिकाला सुतक नसतं." गोड करायचं नाही, झोका बांधायचा नाही, एवढं तिने मान्य केलं. पण कोप बांधायला लावली. बिंदगं माझ्या आईने नेलं. बाईने ते उचलण्याची आमच्या घरात ती पहिलीच वेळ.

त्या दिवसाचं एक मला विसरता येत नाही. भूकंपानंतर आम्ही पोरं कोणत्याही छताखाली झोपायला तयार नसायचो. पत्रा वाऱ्याने वाजला तरी उठून बाहेर पळायचो. त्या दुपारी पाचही भावंडं जेवून कोपीत शिरलो आणि पांडवांच्या पायाशी, कडब्याच्या वासात, दिवे लागेपर्यंत गाढ झोपलो. आज्जीने कुणाला उठवू दिलं नाही. बाहेर बसून ती घाटे सोलत होती.

आता ज्वारी कमी झाली. खरिपात सोयाबीन, पाणी असेल तिथे ऊस. कडबा मिळेना म्हणून कोपी उसाच्या पाचटाच्या होतात. आज्जीही नाही. बाजूला काढायची वाटी काकू काढते. शेजारच्या मळ्यातला नातू पुण्याहून आला की ती वाटी स्वतः न्यायला येतो, आणि जाताना त्याच्या आईने दिलेला हुरड्याचा डबा ठेवून जातो.

२०२५च्या सप्टेंबरात परंडा-भूम भागात पुराने नुसतं पीक नेलं नाही, माती नेली. माझी आत्या परंड्याकडे दिलेली आहे. नदीकाठचा तिचा तुकडा खरवडून खालचा मुरूम उघडा पडला. काकांनी फोन केला, यंदा येळवशीला तुम्ही इकडेच या. आत्या म्हणाली, "मी कशाला येऊ? माझं रान हाय की." मग आम्हीच बिंदगं, भज्जीचं पातेलं आणि पाचटाच्या पेंढ्या टेम्पोत घालून तिकडे गेलो. बांधाच्या वरच्या अंगाला थोडी काळी शिल्लक होती, तिथे तिने हरभरा टोकला होता. आंबील तिने आधी त्याच्यावर शिंपडली आणि मग चालत खाली उघड्या मुरुमावर.

जेवणं झाल्यावर काका आणि आत्याचे यजमान मुरुमात काठीने रेघा ओढत बसले. उन्हाळ्यात जवळच्या तलावातला गाळ काढतील तेव्हा किती ट्रॉल्या लागतील, ट्रॅक्टर कुणाचा, डिझेल कुणी घालायचं. एकरी किती थर द्यावा यावर दोघांचं जमेना. आत्या वाढता वाढता म्हणाली, थर राहू द्या, आधी वरच्या बाजूने ताल घाला, नाहीतर आणलेला गाळही पहिल्या पावसात जाईल. काकांनी काठी तिच्या हातात दिली आणि ताल कुठून कुठे घालायची ते दाखवायला सांगितलं.