एक मीटर बाय एक मीटर

ग्रंथमेळ्यातील गाळ्याचा वाद न्यायालयात गेला म्हणजे मूळ तंटा बहुधा एखाद्या पुस्तकाचा असतो. ढाक्याच्या एकुशे ग्रंथमेळ्यात २०२३ साली बांगला अकादमीने ‘आदर्श’ या प्रकाशनसंस्थेला एका पुस्तकातील मजकुरावरून गाळा नाकारला. उच्च न्यायालयाने गाळा देण्यास सांगितले. वरच्या पीठाने त्या आदेशास स्थगिती दिली. मुंबईतील आपला जुना वाद याहून निराळा. इथे पुस्तकात काय आहे, हे कोणी विचारलेच नाही.

कर्जत-खोपोलीच्या लोकलने बोरीबंदरास उतरून फाउंटनपर्यंत चालत जाणाऱ्या आम्हां वाचकांना बारमाही ग्रंथमेळा ठाऊक होता तो पदपथावरचा. कायद्याच्या लेखी मात्र तो विक्रेता निव्वळ फेरीवाला. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईत फेरीवाल्यांसाठी क्षेत्रे आखण्याची दिशा दिली. २००३ च्या निकालाने तर मापेच ठरवली: जागा एक मीटर बाय एक मीटर, टेबल वा मांडणी नाही, शिक्षणसंस्था, प्रार्थनास्थळे व रुग्णालये यांपासून १०० मीटर आणि रेल्वे स्थानकापासून १५० मीटर दूर. २००५ साली महापालिकेने फाउंटनच्या पुस्तकविक्रेत्यांना हटवले.

एका चौरस मीटरात नेहमीच्या आकाराची पुस्तके उताणी मांडली तर जेमतेम तीसेक मावतात. म्हणून तर ती थप्पीने रचतात, आणि कणा वाचायची सवय आपल्याला तिथेच लागली. गर्दीच्या रस्त्यावर अंतराचा नियम हवाच. पादचाऱ्याचा हक्क आम्ही नाकारीत नाही. परंतु जुन्या पुस्तकाचे गिऱ्हाईक कोण? महाविद्यालयातून सुटलेला विद्यार्थी आणि गाडी पकडणारा चाकरमानी. नेमकी तीच दोन ठिकाणे वर्ज्य! भजी आणि भालचंद्र नेमाडे यांना एकच फूटपट्टी लावली गेली, ती अशी.

२०१४ च्या पथविक्रेता कायद्याने ‘नैसर्गिक बाजार’ ही संकल्पना आणली, म्हणजे ग्राहक-विक्रेते परंपरेने जिथे जमतात ती जागा. फाउंटनला याहून चपखल नाव आम्हांस सुचत नाही. तरीही २०१७ साली, एल्फिन्स्टनच्या चेंगराचेंगरीनंतर, मुंबई उच्च न्यायालयाने अंतराची बंदी उचलून धरली.

हा कायदा कर्जत आणि खोपोली नगरपरिषदांनाही लागू आहे. पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के विक्रेते असावेत, असे तो सांगतो. महाविद्यालयाच्या जवळपास पुस्तकांसाठी एखादी चौकट राखावी, ही मागणी त्या समितीपुढे प्राध्यापकांनीच न्यावी. विक्रेत्याने ती केली तर अतिक्रमण ठरेल.