कॉम्रेड्स शर्यत आणि ‘हौशी’ या शब्दाची मर्यादा

दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात २४ मे १९२१ रोजी पीटरमॅरित्झबर्गच्या नगरभवनासमोरून ३४ माणसे डर्बनच्या दिशेने धावत निघाली. सुमारे ९० किलोमीटरांचा तो डोंगराळ रस्ता त्यांपैकी १६ जणांनी पुरा केला. पहिला आलेला बिल रोवन यास ८ तास ५९ मिनिटे लागली. कॉम्रेड्स मॅरेथॉन या नावाने आज जगभर ओळखल्या जाणाऱ्या शर्यतीचा हा आरंभ होय. ‘मॅरेथॉन’ हे नाव तिला सैलपणेच लाविले जाते. कारण ऑलिंपिकमधील मॅरेथॉनच्या दुपटीहून तिचे अंतर अधिक आहे. नोकरी-व्यवसाय सांभाळून धावणाऱ्या माणसाने आयुष्यात एकदा तरी धावावी अशी शर्यत म्हणून तिची ख्याती असून, पुणे-मुंबईकडील धावपटूही अलीकडे तीत भाग घेण्यासाठी जातात.

या शर्यतीचा इतिहास सामान्यतः चिकाटीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तो खोटा नाही. परंतु अपुरा आहे. सर्वसामान्य माणसाची शर्यत असे जिचे वर्णन होते, तिची दारे पहिली ५४ वर्षे बहुसंख्य सर्वसामान्य माणसांस बंद होती. ही गोष्ट अपवाद म्हणून तळटीपेत टाकण्यासारखी नाही. शर्यतीच्या मूळ कल्पनेतच तिचे बीज आहे.

शर्यतीचा प्रवर्तक व्हिक क्लॅपहॅम हा रेल्वेचा इंजिनचालक. पहिल्या महायुद्धात तो दक्षिण आफ्रिकेच्या पायदळातून जर्मन पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेवर गेला होता. त्या मोहिमेत त्याच्या पथकाने सुमारे २,७०० किलोमीटरांची पायपीट केली. परत आल्यावर मृत सोबत्यांचे स्मारक करावयाचे त्याच्या मनात आले, आणि स्मारक दगडाचे न करता कष्टाचे करावे असे त्याने ठरविले. शहरांतून भरती झालेली, सवय नसलेली माणसे जर एवढे अंतर चालून गेली, तर सराव केलेल्या धावपटूस दोन शहरांमधील रस्ता एका दिवसात का पुरा करता येऊ नये, असा त्याचा साधा युक्तिवाद होता. माजी सैनिकांच्या ‘लीग ऑफ कॉम्रेड्स ऑफ द ग्रेट वॉर’ या संघटनेने १९१९ व १९२० साली त्याची विनंती फेटाळली; १९२१ साली मात्र ती मान्य करून खर्चासाठी एक पौंड दिला, तोही परतफेडीच्या बोलीवर. ‘कॉम्रेड’ म्हटले की मराठी वाचकास लाल बावटा आठवतो. येथे त्या शब्दाचा अर्थ एकाच पलटणीत राहिलेला सोबती, एवढाच आहे.

पण सोबती कोण, हा प्रश्न येथेच उपस्थित होतो. पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेत बंदूकधाऱ्यांहून ओझी वाहणारे आफ्रिकी हमाल संख्येने कितीतरी अधिक होते, आणि रोगराईने व उपासमारीने मेलेल्यांतही त्यांचाच भरणा मोठा होता. भारतीय पलटणीही त्या रणांगणावर लढल्या होत्या. २१ फेब्रुवारी १९१७ रोजी ‘मेंडी’ हे जहाज इंग्लिश खाडीत बुडाले, तेव्हा दक्षिण आफ्रिकेतील कृष्णवर्णीय श्रमिक-दलाची ६०० हून अधिक माणसे मृत्यू पावली. ज्या युद्धाचे स्मारक म्हणून ही शर्यत सुरू झाली, त्या युद्धातील हे मृत तिच्या स्मरणात नव्हते. धावणाऱ्यांत त्यांच्या बांधवांना जागा नव्हती, याचे मग नवल वाटू नये. पीटरमॅरित्झबर्गच्याच रेल्वे स्थानकावर १८९३ साली बॅरिस्टर गांधींना पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरविण्यात आले होते. त्या गावाच्या सार्वजनिक जीवनात रंगाची रेषा कोठून जात होती, हे भारतीय अभ्यासकास निराळे सांगावयास नको.

यासंबंधात ‘हौशी’ या शब्दाचा विचार करणे आवश्यक आहे. मराठीत हौशी म्हणजे हौसेने करणारा. त्यात निषेध नाही. इंग्लंडातील ‘अमॅच्युअर’ ही संकल्पना मात्र निषेधातून घडली. लंडनच्या अमॅच्युअर अॅथलेटिक क्लबने १८६६ साली केलेल्या व्याख्येत पैसे घेणाऱ्याबरोबरच कारागीर आणि मजूर यांनाही वगळले होते. पुढे १८८० मध्ये हे वर्गवाचक कलम गेले व पैशाचा निषेध उरला. परंतु कोण आत व कोण बाहेर हे ठरविण्याचा अधिकार क्रीडा-संस्थांकडे राहिला तो राहिलाच. वसाहतीत वर्गाच्या जागी वर्ण आला.

आर्थर न्यूटन याचे उदाहरण या दृष्टीने मोठे बोधक आहे. त्याने ही शर्यत १९२२ पासून सलग चार वर्षे व पुन्हा १९२७ साली अशी पाच वेळा जिंकली. १९२३ साली तर ६ तास ५६ मिनिटांत अंतर तोडून मागचे सर्व अंदाज मोडून काढले. हा गृहस्थ नाताळमधील शेतकरी. आपल्या शेताभोवतालची जमीन सरकारने आफ्रिकी लोकांच्या वस्तीसाठी ठरविल्याने आपले नुकसान झाले, अशी त्याची तक्रार होती. आणि धावण्यात नाव मिळविले तर लोक आपल्या गाऱ्हाण्याकडे लक्ष देतील, या हेतूने त्याने चाळिशीच्या उंबरठ्यावर धावण्यास प्रारंभ केला. नि:स्वार्थ हौसेचा आदर्श म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, त्याच्या धावण्यामागे जमिनीचा आणि वर्णाचाच तंटा होता! १९२८ साली तो अमेरिका खंड ओलांडणाऱ्या, रोख बक्षिसांच्या शर्यतीत उतरला आणि नियमाने धंदेवाईक ठरला.

वॉली हेवर्डच्या वाट्याला याहून कठोर न्याय आला. १९३० साली व पुढे १९५०, १९५१, १९५३ व १९५४ साली त्याने शर्यत जिंकली. इंग्लंडच्या दौऱ्याच्या खर्चासाठी लोकांनी दिलेली मदत स्वीकारल्यावरून त्यास धंदेवाईक ठरवून स्पर्धेबाहेर काढण्यात आले, आणि ही बंदी सुमारे दोन दशके टिकली. वयाच्या ७९ व्या वर्षी, १९८८ साली, तो पुन्हा उतरला व ९ तास ४४ मिनिटांत पोहोचला. पुढील वर्षी, ८० व्या वर्षी, अकरा तासांच्या मुदतीस दोन मिनिटेही उरली नसताना त्याने अंतिम रेषा ओलांडली.

ज्यांना प्रवेशच नव्हता, त्यांनी काय केले? ते तसेच धावले. १९२३ साली फ्रान्सिस हेवर्ड या स्त्रीचा अर्ज नाकारण्यात आला. तरी तिने ११ तास ३५ मिनिटांत शर्यत पुरी केली. पदक मिळाले नाही. प्रेक्षकांनीच वर्गणी काढून तिला चांदीचा चहाचा संच दिला. जेराल्डिन वॉटसन हिने १९३० नंतरच्या वर्षांत असेच धावून दाखविले. १९३५ साली रॉबर्ट म्त्शाली हा कृष्णवर्णीय धावपटू ९ तास ३० मिनिटांत पोहोचला. बंदी मोडून धावण्याची ही परंपरा शर्यतीच्या अधिकृत परंपरेइतकीच जुनी आहे, आणि माणसाच्या सहनशक्तीचा पुरावाच पाहावयाचा तर तो तिच्यात अधिक आहे.

१९७५ साली शर्यतीचा पन्नासावा प्रयोग झाला (१९४१ ते १९४५ ही युद्धाची वर्षे ती बंद होती) व त्या वर्षी स्त्रिया व कृष्णवर्णीय यांना अधिकृत प्रवेश मिळाला. व्हिन्सेंट राकाबाएले विसावा आला. हे औदार्य आपोआप उपजले नव्हते. १९६४ पासून दक्षिण आफ्रिका ऑलिंपिकबाहेर होती, १९७० साली ऑलिंपिक समितीतूनही तिची हकालपट्टी झाली होती. सरकारला ‘बहुराष्ट्रीय’ क्रीडानीतीचा देखावा जगापुढे मांडावयाचा होता. वर्णभेदी राज्य कायम असताना उघडलेले हे दार होते. म्हणूनच १९८१ साली शर्यत प्रजासत्ताकाच्या विसाव्या वर्धापन-सोहळ्यास जोडली गेली, तेव्हा कित्येकांनी तीतून अंग काढून घेतले. ब्रूस फोर्डिस हा तरुण दंडाला काळी फीत बांधून धावला आणि जिंकला. त्याच्या नऊ विजयांतील तो पहिला. कृष्णवर्णीय विजेता पाहण्यास मात्र १९८९ पर्यंत वाट पाहावी लागली; त्या वर्षी सॅम त्शाबालाला पहिला आला.

रोख बक्षिसे १९९५ साली आली, आणि हौशी-धंदेवाईक हा जुना वाद निकामी झाला. त्याच वर्षी शर्यतीची तारीख १९७६ च्या सोवेटोतील विद्यार्थ्यांच्या उठावाचे स्मरण म्हणून पाळल्या जाणाऱ्या १६ जूनवर नेण्यात आली. पैसा आल्याने हौशी माणूस हटला, असेही झाले नाही. बक्षीस मोजक्यांना, बाकीचे हजारो मुदतीशी झुंजतात. मुदत संपताच बंदूक उडविणारा अधिकारी धावणाऱ्यांकडे पाठ करून उभा राहतो, कारण रेषेपासून दोन पावलांवर असलेल्याचा चेहरा पाहून हात थांबू नये. ही मुदत १९२८ पासून अकरा तासांची होती. २००३ साली ती पुन्हा मूळच्या बारा तासांवर आली आणि शेवटच्या तासात पोहोचणाऱ्यांच्या पदकास क्लॅपहॅमचे नाव देण्यात आले.

नऊ तासांच्या आत येणाऱ्यांस २००० सालापासून बिल रोवन पदक मिळते. नऊ ते दहा तासांच्या दरम्यान येणाऱ्यांसाठी २०१९ साली नवे पदक निघाले. ते रॉबर्ट म्त्शालीच्या नावाचे आहे. ९ तास ३० मिनिटांत आलेल्या माणसास स्वतःस तेच मिळाले असते.