वैरागड : हिऱ्यांच्या खाणीचे गाव

हिऱ्याचे नाव काढले की आपल्याला गोवळकोंडा आठवतो. आपल्याच राज्यात हिऱ्यांची खाण होती आणि तिच्यापायी राजे एकमेकांशी झुंजले, ही गोष्ट मात्र आपल्यापैकी फार थोड्यांच्या कानांवरून गेली असेल. ते गाव म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातील वैरागड. विडी कामगारांच्या चळवळीच्या कामाने आम्हांस त्या मुलखात जावे लागले. आरमोरीहून आत वळले की भातखाचरे, तळी आणि रान यांच्या सोबतीने हे गाव येते. गोंडकालीन किल्ल्याची तटबंदी आणि खंदक आजही दिसतो. वैभव म्हणून दाखविण्याजोगे एवढेच.

'वैरागड' या नावाचा शत्रुत्वाशी काही संबंध नाही. 'वज्राकर', म्हणजे हिऱ्याची खाण, या शब्दापासून ते आले असे विद्वान मानतात. अकराव्या शतकातील कुलोत्तुंग चोळाच्या शिलालेखांत 'वयिरागरम्' येथे हत्तींचे कळप धरल्याचा उल्लेख आहे. ते ठिकाण हेच, असे अभ्यासकांचे मत आहे. पुढे सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलाने 'आईने-अकबरी' लिहिली. वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात तो सांगतो की, गोंड जमीनदाराजवळ १,००० स्वार आणि ४०,००० पायदळ आहे, वैरागडला हिऱ्याची खाण आहे, तेथे नक्षीदार कापड विणले जाते, हे ठिकाण त्याने थोड्याच काळापूर्वी दुसऱ्या एका सत्ताधीशाकडून हिसकावून घेतले आहे आणि तिकडे रानहत्ती पुष्कळ आहेत.

अबुल फजल हा मोठा काटेकोर माणूस. स्वार मोजले, पायदळ मोजले, हत्तींचीही दखल घेतली. पण त्या खाणीत किती माणसे उतरत होती, त्यांना मजुरी काय पडत होती, याबद्दल अवाक्षर नाही. माणसे मोजण्यातच आमचे आयुष्य गेले, म्हणून असेल कदाचित, ही उणीव आम्हांस पहिल्या वाचनातच खुपली.

ती भरून काढण्यास दुसरीकडे जावे लागते. सतराव्या शतकात ताव्हेर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या गोवळकोंड्याच्या मुलखातील खाणी पाहून गेला. कोल्लूरच्या खाणीवर त्याला सुमारे ६०,००० माणसे राबताना आढळली. पुरुष खणीत, बायका आणि मुले माती वाहून नेत. मग ती माती कुंपणभिंतीच्या आत पसरून पाण्याने धूत, वाळवीत, पाखडीत आणि शेवटी हातांनी खडा न् खडा निवडीत. रावळकोंड्याच्या खाणीवर तर वाकबगार कामगारालाही वर्षाकाठी अवघे तीन होन मिळत! एवढ्याशा मजुरीवर माणूस खडा लपवील ही धास्ती मालकालाही होतीच. म्हणून पन्नास मजुरांमागे बारा-पंधरा पहारेकरी. मजुरी वाढविण्यापेक्षा पहारा वाढविणे मालकाला नेहमीच सोयीचे वाटते. वैरागडची रीत याहून वेगळी असेल असे मानण्यास आम्हांस तरी आधार सापडत नाही.

मात्र रत्न मिळते म्हणून राजा आणि पहारेकरी असलेच पाहिजेत असे नाही. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात कूबर पीडी नावाचे गाव आहे. तेथे १९१५ साली ओपल सापडला. (हा शब्द आपल्या 'उपल' वरूनच गेला असे पुष्कळजण मानतात.) उन्हाच्या तडाख्यामुळे तेथील माणसे जमिनीखाली खोदलेल्या घरांत राहतात. तेथे एकट्यादुकट्याने लहान तुकड्याचा परवाना काढावा, खणावे आणि सापडेल ते आपले म्हणावे, अशी वहिवाट पडली. अर्थात ती भूमी आधी ज्या आदिवासींची होती, त्यांच्या वाट्याला काय आले हा प्रश्न उरतोच. त्या गावाचे नावच मुळी त्यांच्या भाषेतले आहे. त्याचा अर्थ 'गोऱ्या माणसाचे भोक' असा सांगतात.

वैरागडचे हिरे गेले, त्या वैभवाचा गावात मागमूस नाही. शेजारी आरमोरीला कोशाचे कापड मात्र अजून विणतात. आणि रानात तेंदू आहे, म्हणजेच टेंभुर्णी. ज्या झाडाचे नाव आपले गाव मिरविते तेच. उन्हाळा लागला की घरची सारी माणसे पहाटे पाने तोडण्यास निघतात आणि सत्तर पानांचा एकेक पुडा बांधतात. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा हे पान स्वतः विकू लागल्या. कोणत्या घराने किती पुडे दिले याची वही आता गावातच ठेवतात, आणि तीत पान तोडणाऱ्याचे नाव असते.