जॉप्लिनचे वादळ आणि मदतीची नोंदवही



वादळ ही गोष्ट आपणांस नवी नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. त्या वेळी नारळी-सुपारीच्या बागा कशा आडव्या झाल्या आणि घरांचे पत्रे पानांसारखे कसे उडाले, हे आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. मात्र त्या वादळाची वर्दी आपल्याला आधी मिळाली होती. आज मी ज्या वादळाची हकिकत सांगणार आहे, ते निराळ्या जातीचे होते. त्याला टोर्नेडो म्हणतात.

चक्रीवादळ समुद्रावर जन्मते आणि शेकडो किलोमीटर पसरते. टोर्नेडो म्हणजे गडगडाटी ढगातून हत्तीच्या सोंडेप्रमाणे खाली उतरून जमिनीला टेकलेला, गरगर फिरणाऱ्या वाऱ्याचा खांब होय. त्याची वाट अरुंद आणि आयुष्य बहुधा काही मिनिटांचे असते. परंतु त्या वाटेत जे सापडेल त्याचा चुराडा होतो. इशारा मिळालाच तर तोही मिनिटांचाच.

अमेरिकेच्या मिसुरी राज्यात, नैऋत्येच्या कोपऱ्यात, जॉप्लिन नावाचे शहर आहे. वस्ती सुमारे पन्नास हजार. एके काळी शिसे आणि जस्त यांच्या खाणींवर हे शहर वाढले. २२ मे २०११ हा रविवारचा दिवस होता. त्या दुपारी जॉप्लिन हायस्कूलच्या शेवटच्या वर्गाचा निरोप समारंभ तेथील विद्यापीठाच्या सभागृहात पार पडला. मुले, आईबाप, आप्त मंडळी आनंदात घरोघर परतत होती. भोंगे वाजले, पण भोंगे नेहमीच वाजतात, असे म्हणून पुष्कळांनी पहिल्या इशाऱ्याकडे लक्ष दिले नाही. सायंकाळी साडेपाचच्या सुमारास टोर्नेडो जमिनीला टेकला. वाऱ्याचा वेग ताशी ३२० किलोमीटरहून अधिक आणि पट्टा काही ठिकाणी दीड किलोमीटर रुंद! काही मिनिटांत शहराचा मधला भाग सपाट झाला. दीडशेहून अधिक माणसे दगावली, एक हजाराहून अधिक जखमी झाली आणि हजारो घरे मोडली. अमेरिकेत १९५० पासून टोर्नेडोंच्या व्यवस्थित नोंदी ठेवल्या जातात. त्या काळात एकाच टोर्नेडोत इतके बळी कधी गेले नव्हते. शाळांचे सात विद्यार्थी आणि एक कर्मचारी गेला. हायस्कूलची इमारत उद्ध्वस्त झाली. शहरातील सेंट जॉन्स हे मोठे रुग्णालयही निकामी झाले.

वाचकहो, विनाशाचे वर्णन येथेच थांबवतो. खरी सांगण्याची गोष्ट पुढची आहे.

पहिल्या रात्री मदत कोणी केली? शेजाऱ्यांनी. अंधारात, पावसात, गॅसचा वास पसरलेला असताना लोकांनी हातांनी विटा उपसल्या. रुग्णालयातील रोग्यांना जिन्यांवरून खाली आणले. रुग्णवाहिका अपुऱ्या पडल्या तेव्हा साध्या मालवाहू गाड्यांतून जखमींना नेले. मेमोरियल हॉल या सार्वजनिक सभागृहात डॉक्टर आणि परिचारिका जमल्या आणि तेथेच उपचार सुरू झाले. विद्यापीठाच्या आवारात बेघरांसाठी रेडक्रॉसचा निवारा उघडला. आठवड्याच्या आत, २९ मे रोजी, तंबूंतले तात्पुरते रुग्णालय कामाला लागले.

मग देशभरातून स्वयंसेवकांचा पूर लोटला. चर्चच्या मंडळ्या आल्या, महाविद्यालयातील मुले आली, मुस्लिम मदतसंस्थांची माणसेही आली. एकूण संख्या लाखाच्या पुढे गेली. पन्नास हजारांच्या गावात लाखभर पाहुणे! येथे घोटाळा होण्यास कितीसा वेळ लागला असता? परंतु विद्यापीठात एक नोंदणी केंद्र उघडण्यात आले. तेथे ‘अमेरिकॉर्प्स’ या सेवादलाचे तरुण टेबल मांडून बसले. येणाऱ्याने नाव लिहायचे, कोठे काम करणार ते विचारायचे, आणि परतल्यावर किती तास काम केले ते नोंदवायचे.

आपण म्हणाल, ढिगाऱ्याखाली संसार गाडले गेले असता ही कारकुनी कशाला? याचे उत्तर ऐकण्यासारखे आहे. तेथे अशा आपत्तीत मलबा हलविण्याच्या खर्चाचा मोठा वाटा केंद्र सरकार उचलते. उरलेला वाटा राज्याने आणि गावाने भरायचा असतो. मात्र स्वयंसेवकांनी केलेल्या कामाची पक्की नोंद असेल, तर त्या तासांचे मोल गावाच्या वाट्यात जमा धरले जाते. म्हणजे कोणा विद्यार्थ्याने दिवसभर फावडे मारले आणि वहीत आठ तास लिहिले, तर त्या आठ तासांनी संकटग्रस्त गावाचे देणे तेवढे कमी झाले. अशा रीतीने जॉप्लिनचे लक्षावधी डॉलर वाचले. ज्याने घाम गाळला पण नाव लिहिले नाही, त्याची मेहनत अल्लाहच्या दरबारी नक्कीच रुजू झाली असेल. गावाच्या हिशेबात मात्र ती आली नाही.

आता शाळांकडे वळू. जॉप्लिनच्या शाळांत साडेसात हजारांवर मुले शिकत होती. शाळाखात्याचे प्रमुख सी. जे. हफ यांच्यापुढे पहिला प्रश्न इमारतींचा नव्हता. प्रत्येक मूल कोठे आहे, हा होता. शिक्षकांनी फोन केले, इंटरनेटवर शोध घेतला, निवाऱ्यांत फिरून पाहिले आणि पटावरील एकेका नावापुढे खूण केली. मग हफ यांनी जाहीर केले की शाळा ठरल्या दिवशी, म्हणजे १७ ऑगस्टलाच उघडतील. हाती ८७ दिवस होते. हायस्कूलच्या वरच्या वर्गांना एका व्यापारसंकुलातील रिकामे पडलेले मोठे दुकान मिळाले. तेथे भिंती उभारून वर्ग केले. संयुक्त अरब अमिरातीने दिलेल्या देणगीतून हायस्कूलच्या सुमारे २,२०० विद्यार्थ्यांना लॅपटॉप मिळाले. आणि १७ ऑगस्ट २०११ रोजी खरोखरच घंटा वाजली.

शाळेची एवढी घाई का केली असावी? मी शिक्षक आहे, म्हणून मला हे लगेच उमगते. मूल शाळेत गेले की आईबापांना घर सावरायला मोकळीक मिळते, आणि शाळा सुरू आहे म्हटल्यावर कुटुंबे गाव सोडून जात नाहीत. शाळा उघडणे हे मदतकार्यानंतरचे काम नसून, तेच मदतकार्याचे मर्म होय.

या हकिकतीला एक दुःखद पान आहे. जॉप्लिनमध्ये मुस्लिम कुटुंबे थोडीच. त्यांत डॉक्टर बरेच. आपत्तीत त्यांनीही इतरांच्या खांद्याला खांदा लावला होता. ६ ऑगस्ट २०१२ रोजी, रमजानच्या महिन्यात, त्यांची मशीद कोणा दुष्टाने पेटवून दिली व ती पूर्ण जळाली. परंतु त्याच शहरातील ख्रिस्ती शेजारी धावून आले. इफ्तारसाठी एका चर्चने आपले दालन खुले केले, आणि लोकांनी काही दिवसांतच चार लाख डॉलरहून अधिक वर्गणी जमवली. पुढे नवी मशीद उभी राहिली. संकटात एकत्र राबलेली माणसे एकमेकांना अशी ओळखू लागतात.

आणि २० मे २०१३ रोजी ओक्लाहोमा राज्यातील मूर या गावावर टोर्नेडो कोसळला, तेव्हा जॉप्लिनची माणसे तत्काळ मदतीला निघाली. कोणत्या वस्तूची गरज केव्हा लागते, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

मित्रहो, आता थोडे आपल्याविषयी. ‘निसर्ग’नंतर आमच्या मोहल्ल्यातही मदत भरपूर आली. देणाऱ्यांचे मन मोठे होते. पण यादी कोणाकडेच नव्हती. रस्त्यालगतच्या घरांना धान्याच्या पिशव्या तीन-तीनदा मिळाल्या, आणि खाडीच्या टोकाला राहणाऱ्या एका विधवा म्हातारीकडे आठवडाभर कोणी फिरकले नाही. मी स्वतः पिशव्या वाटणाऱ्यांत होतो. तिच्या दारी गेलो तेव्हा तिने तक्रार केली नाही, उलट दुवा दिली. आणि त्यामुळेच मला अधिक लाज वाटली. रोज सकाळी वर्गात हजेरी घेणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला आपल्याच मोहल्ल्याची हजेरी घ्यावी, हे सुचले नव्हते!

म्हणून माझी नम्र सूचना आहे. प्रत्येक जमातीत व मोहल्ल्यात एक साधी नोंदवही असावी. कोणत्या घरी एकटे वृद्ध आहेत, कोणाला चालता येत नाही, कोणत्या घरची मुले कोणत्या शाळेत आहेत, कोणाकडे होडी, करवत, जनरेटर वा गाडी आहे, हे तीत लिहावे. आठवी-नववीची मुले सुटीच्या दोन दिवसांत हे काम सहज करतील. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी ती वही तपासावी. इशारा झाला की त्या वहीतल्या शेवटच्या घरापासून सुरुवात करावी.

खिदमत करण्याची इच्छा आपल्याकडे कमी नाही. यंदाच्या सुटीत वहीचे पहिले पान लिहायला कोण पुढे येतो, त्याने मला शाळेत येऊन भेटावे. वही मी देईन.