विषाचा माग आणि आपला तारनाका

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या कॉलनीच्या गणपतीची संध्याकाळची आरती नुकतीच संपली होती. प्रसाद वाटण्याच्या गडबडीत खालच्या मजल्यावरच्या वहिनींचा साडेतीन वर्षांचा मुलगा पूजेच्या ताटाजवळ गेला आणि खडीसाखर समजून कापराच्या वड्या तोंडात टाकल्या. तोंडाला वास आला म्हणून कळले. मग जो तो आपापले सांगू लागला. एक काका म्हणाले, मिठाचे पाणी पाजा, उलटी होईल. कोणी म्हणाले दूध द्या, कोणी म्हणाले काही होत नाही, कापूर देवाचाच आहे. दहा-पंधरा मिनिटांत मुलाने डोळे फिरवले आणि त्याला झटका आला.

आम्ही त्याला जवळच्या एका रुग्णालयात नेले. ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी झटका थांबवण्याचे इंजेक्शन दिले आणि लगेच फोन लावला. फोन दिल्लीला होता, एम्सच्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राला. किती वजन, किती वड्या, किती वेळ झाला, असे प्रश्नोत्तर झाले. डॉक्टर आम्हाला म्हणाले, "उलटी करवली नाहीत हे बरे केलेत. झटका येत असताना उलटी फुप्फुसात गेली असती." मूल दुसऱ्या दिवशी घरी आले. यंदा ते दुसरीत आहे आणि आरतीला टाळ वाजवते.

त्या रात्रीपासून एक प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. एवढ्या मोठ्या देशात, रात्री आठ वाजता, कापराबद्दल विचारायला कोणीतरी फोनवर बसलेले असते. त्याचा पगार कोण देते? ही व्यवस्था कधी, कशी उभी राहिली? मी डिप्लोमा झालेला सरकारी नोकर, ग्रामीण पाणीपुरवठ्याचे काम करणारा. वैद्यकातले मला कळत नाही, पण सरकारी पैसा कुठून निघतो आणि कुठे अडतो हे थोडेफार कळते. म्हणून वाचत गेलो, आणि वाचता वाचता लक्षात आले की या इतिहासातला एक मोठा भाग आपल्या तारनाक्यावरच घडला आहे.

आपण रोज ज्या फाटकासमोरून जातो ती राष्ट्रीय पोषण संस्था, आपल्या बोलण्यातली 'एनआयएन', १९१८ साली सुरू झाली. उस्मानिया विद्यापीठाचेही वर्ष तेच. फरक एवढाच की ही संस्था इथे नव्हे तर निलगिरीत, कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटच्या एका खोलीत सुरू झाली. रॉबर्ट मॅक्कॅरिसन नावाचे डॉक्टर तिथे बेरीबेरी या रोगाचा शोध घेत होते. पाच वर्षांतच, १९२३ मध्ये, लॉर्ड इंचकेप यांच्या काटकसर समितीने हे काम बंद करायला लावले. पहिल्या महायुद्धानंतर तिजोरी रिकामी होती आणि एका खोलीतले संशोधन कापायला सर्वांत सोपे होते. दोन वर्षांनी ते पुन्हा सुरू झाले. ज्यांनी मार्चअखेरीस फाइली हलवल्या आहेत त्यांना ही कहाणी ओळखीची वाटेल.

१९५८ मध्ये ही प्रयोगशाळा हैदराबादला आली. तेव्हा तिचे संचालक होते डॉ. व्ही. एन. पटवर्धन, म्हणजे आपलेच मराठी गृहस्थ. १९६९ मध्ये तिला 'राष्ट्रीय पोषण संस्था' हे नाव मिळाले. नाव पोषणाचे असले, तरी अन्नातून आणि पाण्यातून माणसाला बाधणाऱ्या विषांचा माग काढणे हेही तिचे मोठे काम ठरले.

पहिले उदाहरण लाखोळीच्या डाळीचे. हिंदीत खेसरी किंवा तिवडा म्हणतात. आपल्यापैकी ज्यांचे मूळ गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरकडे आहे त्यांना ती ठाऊक असेल. उभ्या धानात बी फेकले की कापणीनंतर राहिलेल्या ओलीवर पीक येते. ना नांगरट, ना पाणी. दुष्काळात सगळे जळाले तरी लाखोळी उभी राहते, आणि धोकाही तिथेच आहे. दोन-तीन महिने रोजच्या जेवणाचा मोठा भाग तीच झाली, तर काही जणांचे पाय ताठ होऊ लागतात. आधी एक काठी लागते, मग दोन, शेवटी माणूस हातांवर सरपटतो. ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमनने सागर भागात १८२९ च्या गारपिटीनंतर गहू बुडाला, लोक या डाळीवर जगले आणि तरुण माणसे कमरेखाली लुळी पडली, असे लिहून ठेवले आहे. पुढे मध्य प्रदेशातील रीवा भागात तर शेतमजुरांना मजुरीच या धान्यात मिळत असे. म्हणजे मजूर विष आपण होऊन खात नव्हता, ते त्याच्या पदरात पगार म्हणून पडत होते.

१९६१ मध्ये केंद्राने खेसरीच्या विक्रीवर बंदी आणली, पण जिथे ती पिकत होती त्यांतल्या काही राज्यांनी ती लागू केली नाही. १९६४ मध्ये बंगळूरला एस. एल. एन. राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डाळीतले विषारी द्रव्य वेगळे काढले. हे राव पुढे आपल्या उस्मानियाच्या जीवरसायन विभागात होते. १९६६ मध्ये डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारनाक्यावरून सोपा उपाय सांगितला. डाळ गरम पाण्यात भिजवायची आणि ते पाणी फेकून द्यायचे, बरेचसे विष पाण्याबरोबर निघून जाते. उपाय स्वस्त होता, पण दुष्काळात सरपण आणि पाणी दोन्ही महाग असते. म्हणून पुढे कमी विषाचे वाण तयार करण्याचा मार्ग धरला गेला. 'रतन', 'प्रतीक' आणि 'महातिवडा' ही त्यांची नावे.

दुसरी घटना १९७४ ची. राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल या आदिवासी भागांत वर्षाच्या अखेरीस कावीळ पसरली. पोटात पाणी होऊन माणसे मरू लागली. आधी वाटले, ही नेहमीची साथीची कावीळ. पण तारनाक्याहून गेलेल्या शास्त्रज्ञांना एक गोष्ट खटकली. ज्या घरांत माणसे आजारी होती, त्या घरांतली कुत्रीही तशीच आजारी पडून मेली होती. माणूस आणि कुत्रा यांच्यात सामाईक काय, तर भाकरी. मका तपासला. अवेळी पावसात भिजलेल्या आणि नीट न वाळवता साठवलेल्या त्या मक्यावर बुरशी होती आणि बुरशीत अफ्लाटॉक्सिन हे विष. ३९७ माणसे आजारी पडली, त्यांतली १०६ दगावली. विषाचे नाव तेव्हा नवीन नव्हते. १९६० मध्ये इंग्लंडात एक लाखावर टर्की कोंबड्या मेल्या तेव्हाच ते कळले होते. जी माहिती इंग्लंडच्या कोंबड्यांमुळे जगाला मिळाली, ती बांसवाड्याच्या कणगीपर्यंत पोचायला चौदा वर्षे पुरली नाहीत.

याच सुमारास सरगुजा भागात लोकांची पोटे फुगत होती. तिथे खाण्याच्या बारीक तृणधान्यात खुळखुळ्याच्या जातीचे बी मिसळलेले निघाले. आणि १९९५ मध्ये आपल्याच दख्खनच्या पठारावर, आंध्र आणि कर्नाटकातील २७ गावांत, पावसात भिजलेल्या ज्वारी-मक्याची भाकरी खाऊन लोकांना पोटदुखी आणि जुलाब झाले. तेथेही बुरशीचे विष निघाले. सुदैवाने तो आजार खाणे थांबवताच थांबत होता. आपण ज्वारी खाणारे लोक. काळपट, कुबट वास येणारी ज्वारी 'चालते' म्हणून दळून आणू नये, एवढे तरी यातून घ्यावे.

तिसरे विष मी स्वतः पाहिलेले. नोकरीच्या सुरुवातीला माझी नेमणूक नलगोंडा जिल्ह्यात होती. मर्रिगुडा, मुनुगोडे या पट्ट्यात तेव्हा चाळिशीतली माणसे म्हाताऱ्यासारखी वाकलेली दिसत. मुलांचे दात पिवळे-तपकिरी, गुडघे आत वळलेले. कारण बोअरच्या पाण्यातले फ्लोराइड. या रोगाची नोंद शेजारच्या मद्रास इलाख्यात १९३७ लाच झाली होती. १९७३ मध्ये एनआयएनच्या शास्त्रज्ञांनी गुडघे वळण्याचा हा प्रकार 'लॅन्सेट'मध्ये जगासमोर मांडला. आणि उपाय शोधला तो नागपूरच्या 'नीरी'ने. पाण्यात फिटकरी, चुना आणि ब्लीचिंग पावडर घालून ढवळायचे, गाळ खाली बसू द्यायचा, वरचे पाणी गाळून घ्यायचे. या पद्धतीचे नावच 'नलगोंडा तंत्र'. नागपूरची विद्या आणि नलगोंड्याचे नाव!

पण एका गावात मी असा प्रकल्प बंद पाहिला. टाकी होती, पाटी होती, उद्घाटनाची तारीख होती. फिटकरी मात्र नव्हती. पहिल्या खेपेची संपली होती आणि पुढच्या खेपेसाठी कोणत्याच लेखाशीर्षात पैसे नव्हते. बांधकामाला पैसे होते, चालवायला नव्हते. एक आजी रोज त्या टाकीशेजारच्या हातपंपाचे पाणी भरत. मी म्हटले, "अम्मा, हे पाणी चांगले नाही." त्या तेलुगूत म्हणाल्या, "माहीत आहे बाबा. मग कोणते पिऊ?" मी तीन महिने पत्रव्यवहार केला. फिटकरी आली, पुन्हा संपली, आणि माझी बदली झाली. आता त्या भागात नदीचे पाणी नळाने जाते, हे पाहून बरे वाटते. पण वाकलेली पाठ नदीच्या पाण्याने सरळ होत नाही.

विषबाधेच्या साऱ्या इतिहासात मला हेच दिसते. मृत्यू झाले की पैसा येतो, पण मृत्यू टळावेत म्हणून येत नाही. १९५८ मध्ये केरळात कीटकनाशक सांडलेले पीठ खाऊन शंभराच्या वर माणसे मेली, तेव्हा कुठे १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. अमेरिकेत पहिले विष केंद्र १९५३ मध्ये शिकागोला निघाले. पुढे गावोगाव केंद्रे निघाली, पण त्यांच्या पैशाची तजवीज कधी इस्पितळांनी, कधी राज्यांनी करायची असे चालले, आणि त्यांना केंद्र सरकारच्या निधीचा कायदेशीर आधार मिळाला तो २००० साली. आपल्याकडे एम्सचे केंद्र १९९५ मध्ये सुरू झाले. अशा केंद्राची अडचण एकच. त्याच्या कामाची फीत कापता येत नाही. पूल दिसतो, इमारत दिसते. आमच्या खालच्या मजल्यावरचा मुलगा टाळ वाजवतो आहे, हे कोणत्याही उपयोगिता प्रमाणपत्रात लिहायला रकाना नाही. तरीही प्रत्येक राज्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात, तिथली भाषा बोलणारे असे एक केंद्र हवे आणि त्याची तरतूद दरवर्षी न मागता व्हावी, असे सरकारी नोकर असूनही, किंवा असल्यामुळेच, मला वाटते.

तोवर आपण आपल्यापुरते करू. गणपतीच्या एकवीस पत्रींत धोत्रा आहे, कण्हेर आहे, रुई आहे. तिन्ही विषारी. पूर्वजांनी त्या देवाला वाहिल्या, पण ताटात कधी वाढल्या नाहीत. तेव्हा पत्री आणि कापूर मुलांच्या हाती लागणार नाही असा उंचावर ठेवावा. फिनाइल, रॉकेल, उंदराचे औषध पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरू नये. कोणी काही गिळलेच, तर उलटी करवू नये, बाटली किंवा पाकीट बरोबर घ्यावे आणि रुग्णालय गाठावे. १०८ ची रुग्णवाहिका आपल्या हैदराबादेतच २००५ मध्ये सुरू झाली, ती बोलवावी. दिल्लीच्या विष माहिती केंद्राचा चोवीस तासांचा विनामूल्य क्रमांक १८०० ११६ ११७ आहे. आमच्या मंडपात तो आता आरतीच्या वेळापत्रकाखाली लिहिलेला असतो. आपल्या स्वयंपाकघरातही लिहून ठेवावा.

गणपती बाप्पा मोरया!