मायक्रोग्रीन आणि छाट कलमे (घरगुती लागवड)

पहिली खरी पाने फुटण्याच्या सुमारास कापून खाल्ली जाणारी कोवळी रोपे म्हणजे मायक्रोग्रीन. छाट कलम म्हणजे फांदीच्या तुकड्यापासून वाढवलेले नवे रोप. मुंबईच्या गिरगावातील फणसवाडीसारख्या दाट वस्तीत जागेअभावी हे जमणार नाही, असा समज आहे. मुंबईचीच समुद्रमेथी त्याविरुद्ध साक्ष देते. किनाऱ्यालगतच्या वाळूत दाट पेरलेली ही मेथी बोटभर होताच मुळांसकट उपटून छोट्या जुड्यांनी विकली जाते. सुरुवातीची वाढ बियाण्यातल्या साठ्यावर होत असल्याने तिला फारशा खताची गरज नसते. म्हणूनच गॅलरीतला उथळ ट्रे आणि थोडा उजेड मेथी, मोहरी, अळीव यांना पुरतो. २०१२ साली अमेरिकेत मायक्रोग्रीनच्या २५ प्रकारांवर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जीवनसत्त्वांचे प्रमाण पक्व पानांपेक्षा सामान्यतः जास्त आढळले. तरी मूठभर पाल्यावर रोजची पालेभाजी सोडणे योग्य नाही.

छाट कलमाने लावलेल्या पुदिन्याला असा बियाण्यातला साठा नसतो. बाजारच्या जुडीतील निरोगी काडी पेराखाली कापून, खालची पाने काढून पाण्यात ठेवली की आठवड्या-दोन आठवड्यांत मुळे धरते. पुढे मात्र तिला माती आणि रोजचा भरपूर उजेड हवाच, अंधाऱ्या गॅलरीत ती रोडावते. तुळस, पानओवाही असेच लागतात. पावसाळ्यात दाट पेरणीला बुरशी धरते, तेव्हा विरळ पेरावे. औषध चोळलेले शेतीचे बी खाण्यासाठी कधीही पेरू नये. कलमांच्या साठलेल्या पाण्यात डास होतात, हा आक्षेप सर्वांत रास्त आहे. डेंग्यूचा डास अंड्यापासून साधारण आठ-दहा दिवसांत तयार होतो, म्हणून कलमांचे पाणी दर दोन दिवसांनी बदलून भांडे आतून घासावे.